फवारणीवाल्याने धुतलेली मांजरं

निवृत्त माणसाला दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं की तो आधी नेमणुकीचं पत्र काढून बसतो. माझं पत्र वाळवीने खाल्लं, त्यामुळे वाचकांची त्यातून सुटका झाली. मी हिवतापाच्या कामावर फवारणी कामगार होतो, पुढे पथकाचा मुकादम झालो. नातवंडं विचारतात, आजोबा तुम्ही नक्की काय करत होता? मी सांगतो, लोकांच्या घरात शिरून भिंती खराब करत होतो आणि अंगणात बसून त्यांची मांजरं धूत होतो. पहिल्या कामाचा पगार सरकार देत होतं. दुसरं काम माझं मीच अंगावर घेतलं होतं.

तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता. ओरोसला आज सरकारी कचेऱ्या आहेत, तिथे त्या काळी आम्ही झाडाखाली भाकरीचं फडकं सोडून बसत होतो. मालवणपासून वर कुणकेश्वरापर्यंतचा किनारा, खाड्या आणि मधल्या वाड्या एवढा आमचा मुलूख. एसटी जाईल तिथपर्यंत एसटी, पुढे तर म्हणजे खाडीतली होडी, पुढे पाय. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी, आणि दोघांत एक बादली.

कामाची रीत सोपी होती. डीडीटीची पांढरी पावडर पाण्यात कालवायची. बादलीत पंप उभा करून एकाने तो पायाने दाबून धरायचा आणि हाताने मारत राहायचा. दुसऱ्याने लांब नळी घेऊन भिंतीवर, माळ्याखाली, कोनाड्यात सारखा फवारा धरायचा. पाणी सुकलं की भिंतीवर पांढरी साय राहते. डास माणसाला चावून जड होतो आणि भिंतीवर विसावा घ्यायला बसतो, तिथेच त्याचा कारभार आटोपतो. हे मी हजार वेळा सांगितलं असेल. ऐकून बायका विचारत, “आणि चावच्या आदी मरणत नाय?” मी बादली उचलून पुढच्या घराकडे वळायचो.

घरात शिरण्याआधी मडकी, पिठाचे डबे, सुकी मासळी, पाळणा, सगळं अंगणात काढायला लावायचं. देव झाकायचे. हे करताना घरमालकाचं आमच्याविषयीचं मत बिघडायचंच. एका म्हाताऱ्याने खोली सोडायलाच नकार दिला. “मी ह्या खोलयेत जन्माक इलंय, मी भायर जावचंय नाय,” असं म्हणून त्याने छत्री उघडली आणि खाटेवर बसला. आम्ही त्याच्या भोवतीने फवारा मारला. पुढे कितीतरी दिवस त्या भिंतीवर छत्रीच्या आकाराचा कोरा डाग होता आणि म्हातारा तो पाहुण्यांना दाखवत असे.

पहिल्या वर्षी आमचं स्वागत झालं ते डासांमुळे नव्हे, ढेकणांमुळे. पावडरीने ढेकूण पटापट मेले. लोक खाटा बाहेर काढून आणून म्हणत, हिच्यावरही मारा. दोन-तीन वर्षांत ढेकूण शहाणे झाले आणि मरेनासे झाले. मग त्याच लोकांनी आम्हाला दारात उभं करून सुनावलं, “तुमच्या पावडरीन ढेकणांनी बाळसा धरल्यानी.” आणखी एक दुखणं चतुर्थीचं. आम्ही घाम गाळून भिंती फवारायच्या आणि गणपती यायचा म्हणून आठ दिवसांत घरच्या बाईने त्यावर शेणामातीचा हात फिरवायचा. भिंत सुंदर व्हायची आणि डास पुन्हा सुखाने बसायला मोकळे. रागावणार कोणावर? गणपतीवर रागावता येत नाही.

आता मांजरांकडे येतो.

मांजर फवाऱ्याने मरत नाही. मरतं ते आपल्या स्वच्छतेच्या सवयीने. ओल्या भिंतीला अंग घासतं, माळ्यावर फिरतं, पावडर अंगाला लागते. मग चुलीशेजारी बसून ते सगळं अंग चाटून साफ करतं आणि पावडर पोटात जाते. आधी कान थरथरतात, मग पाय, मग झटके. आम्ही पुढच्या गावाला गेलेलो असायचो, त्यामुळे मेलेलं मांजर बघायची वेळ आमच्यावर क्वचितच आली. पण फेरी मागे फिरली की दारं बंद मिळायची. आमच्याकडे मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे लहान पोरालाही ठाऊक. त्या हिशेबाने मी सोन्याची एक खाणच देणं लागत होतो.

आमच्या इन्स्पेक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. “मांजराचा विषय तुम्ही स्वतः काढायचा नाही. एकाने दार लावलं की अख्खी वाडी दार लावते.” त्यांचंही खोटं नव्हतं. थंडीतापाने कुडकुडणारी माणसं मी पाहिली होती. दोन गोधड्या आणि वर एक माणूस बसवला तरी खाट हलायची.

उपाय मला एका मास्तरांच्या बायकोने अजाणता शिकवला. फवारणीनंतर तिचं काळं मांजर पांढरं झालं, ते तिला बघवेना, म्हणून तिने त्याला घासून धुतलं. शेजारची दोन मांजरं गेली, तिचं राहिलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला असं असेल म्हणून मी आणखी दोन घरी स्वतः धुऊन बघितली. तीही जगली. तेव्हापासून ज्या घरी मांजर दिसेल तिथे नळी खाली ठेवली की मी बाह्या सरसावायचो.

घरी मांजर धुवायचं असेल तर ऐका, फुकट सांगतो. बाळाला धरतात तसं धरू नका. जुन्या पंच्याची पिशवी करा, मांजर आत घाला, मान तेवढी बाहेर ठेवून पिशवीचं तोंड अलगद आवळा. नखं आत राहतात, तुमचे हात शाबूत राहतात. पाणी कोमट, मनगटावर घेऊन बघावं. रिठ्याचं पाणी करून पिशवीवरूनच चोळायचं, फेस आत जातो. डोक्यावर पाणी ओतायचं नाही, ओल्या फडक्याने तोंड पुसायचं. मग स्वच्छ पाण्यात दोनदा बुडवून काढायचं, जुन्या लुगड्यात गुंडाळायचं आणि सुकेपर्यंत सोडायचं नाही. सगळा वेळ हळू आवाजात काहीतरी बोलत राहायचं. मी आरत्या म्हणत असे, कारण मला दुसरं काही पाठ नव्हतं. पथकातले लोक मला ‘माजरांची सुईण’ म्हणू लागले. मला राग यायचा नाही. हातावर ओरखडे होते, पण त्या वाड्यांत माझ्यासाठी दार उघडत होतं.

आणि ज्या एका घरी मी मांजर धुतलं नाही, नुसतं तोंडाने सांगितलं, त्या घराची गोष्ट सांगण्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

खाडीकाठची ती वाडी होती. नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. तिथे चंद्राकाकी राहायची. ही खरी सुईण. वाडीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती, आणि बाळ-बाळंतिणीचं न्हाणं तिच्याशिवाय होत नसे. तिच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत. हात मोठे, रुंद, तळवे मऊ. तिच्या हाताखालून गेलेलं मूल रडत नाही, असा तिचा लौकिक.

तिची मुलगी मालू तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नवरा मुंबईला. सातवा महिना आणि एक दिवसाआड ताप. दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या. पोटुश्या बाईला हिवताप म्हणजे दोन जीवांना धोका, ते घर सगळ्यात आधी फवारायला हवं होतं. आणि काकी दारात आडवी बसली होती. मांडीवर तिचं मांजर, सुंगटी. कोळंबीला आमच्याकडे सुंगटं म्हणतात, तशीच ती पिवळसर लाल आणि वाकडी निजणारी होती.

“गेल्या खेपेक शेजारच्यांचा माजर मेला,” काकी म्हणाली. “माका तुमची पावडर नको.”

“काकी, मालूच्या तापाचा काय?”

“मालूक मी बगतंय. ह्या मुक्या जनावराक कोण बगतलो?”

मी म्हटलं, “मी बगतंय. सुंगटेक मी जबाबदार. नायतर काशीक सोन्याचा माजर मी व्हातलंय.”

तिने सुंगटीला मांडीवरून खाली ठेवलं. मग उठली आणि मडकी बाहेर काढू लागली. माझ्या शब्दावर तिने घर उघडलं, हे मी कधी विसरलो नाही.

फवारणी चोख झाली. मालूच्या खोलीत मी स्वतः नळी धरली. पण सुंगटी गोंधळात माळ्यावर चढली आणि सगळी ओली पावडर अंगाला माखून तिथेच बसून राहिली. बोलावून येईना. इकडे खाडीतली तर सुटायची वेळ झाली, पलीकडच्या तीरावर पथकाची वाट बघत दुसरी वाडी बसली होती. मी घाईत काकीला सांगितलं, खाली आली की लगेच कोमट पाण्याने... आणि इथे माझी जीभ घसरली. धू म्हणायचं होतं. पण आमच्याकडे धुतात ती भांडी, कपडे, म्हशी. काकीच्या मांडीवरच्या लाडक्या जिवाला धू म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं. मी म्हणालो, “तेका न्हाऊक घाल.”

“घालतंय,” काकी म्हणाली. तिचा चेहरा खुलला. “ता काय माका शिकवूक नको.”

मला बरं वाटलं. हे काम तिच्याहून चांगलं कोण करणार, असा विचार करत मी तरीत चढलो.

त्या वाडीत पुन्हा गेलो ते श्रावणात, दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी वर्दी द्यायला. काकीच्या घरातून बाळाचा आवाज येत होता. मालू सुटली होती, मुलगी झाली होती, ताप फवारणीनंतर महिन्याभरात हटला होता. मी खुशीत ओट्यावर टेकलो. काकी खांबाला टेकून बसली होती. आतून पाण्याचा आणि बाळाच्या रडण्याचा आवाज आला. बाळ न्हात होतं आणि काकी बाहेर होती.

“आत कोण आसा?” मी विचारलं.

“पलीकडच्या वाडीतली एक बाय येता.”

“आणि तू?”

“माझ्या हातात माजर मेला रे,” ती म्हणाली. “चेडू जन्माक येवन दहा दिवस झाले, मी तेका शिवाक नाय.”

मग तिने सांगितलं. सुंगटी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. वाडीत बातमी फिरली. मांजर हातात गेलेल्या बाईला लेकुरवाळ्या घरी कोण बोलावणार? मधल्या काळात दोन बाळंतपणं झाली, दोघांनीही बाहेरून बाई आणली. कोणी तोंडावर काही बोललं नाही. पण त्यापेक्षा वाईट म्हणजे काकीलाच ते पटलं होतं. स्वतःच्या नातीला हात लावायला ती भीत होती.

“पण तू न्हाऊक घातलंस मां?” मी म्हटलं.

“तू सांगलंस तसाच केलंय. खोबरेल कोमट केलंय. कानापासून शेपटेपर्यंत चोळून चोळून जिरवलंय. कसा गप ऱ्हवला, तान्ह्या पोरासारख्या. मगे डाळीचा पीठ लावन उन्या पाण्यान न्हाणलंय. सांजेक थरथराक लागला.”

ही पावडर पाण्यात नुसती कालवली जाते, विरघळत नाही. ती विरघळते तेलात. तेलात मिसळली की कातडीतून आत शिरते. म्हणून अंगाला तेल लावून फवारणीला येऊ नका, हे आम्हाला पहिल्या दिवशी बजावलं होतं आणि मी ते रोज पाळत होतो. न्हाऊ घालणं म्हणजे आधी तेल, हेही मला ठाऊक होतं. दिवाळीत कोणाला ठाऊक नसतं? दोन्ही गोष्टी माझ्याच डोक्यात होत्या आणि त्या कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या. काकीने भिंतीवरची पावडर आपल्या मऊ हातांनी, मायेने, अर्धा तास त्या जिवाच्या अंगात जिरवली होती. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेने मांजर मारलं होतं.

आणि एवढं कळल्यावर मी काय केलं? “वायट झाला, काकी,” एवढं म्हटलं आणि उठलो. त्या वर्षी नोकरीत कायम होणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं. इन्स्पेक्टरांचं वाक्य कानात होतं. उद्या फेरी सुरू व्हायची होती. मी पुढच्या घरी वर्दी द्यायला गेलो. वाडीतली शेवटच्या घरापर्यंतची वर्दी मी व्यवस्थित दिली, हे लिहिताना आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पथकाला तरीपाशी थांबवून मी एकटा पुढे गेलो. मुद्दाम न्हाण्याची वेळ धरली, कारण त्या वेळी शेजारच्या बाया जमतात. काकीच्या मागच्या पडवीत तीन-चार जणी होत्या. पलीकडच्या वाडीतली बाई पाटावर पाय पसरून बसली होती, बाळ अजून मालूच्या हातात होतं. काकी दाराशी, हात पदरात घालून. पुरुष माणूस आत आलेला बघून सगळ्यांनी पदर सावरले. मी पायरीशी उभा राहिलो.

“माका सगळ्यांका एक सांगूचा आसा,” मी म्हटलं. “सुंगटी काकीच्या हातान मराक नाय. आमची पावडर तेलात विरघळता आणि अंगात जाता. माका म्हायत होता. मी धू म्हणाक व्हया होता, मी न्हाऊक घाल म्हटलंय. काकीन मी सांगलंय तसा केल्यान. चूक माझी.”

मग एकीने विचारलं, “म्हणजे पावडरीत वीख आसा?”

“आसा,” मी म्हटलं. “डासाक आसा, तसा माजराकय आसा. माजर धुवन काढला तर वाचता.”

विचारणारी बाई उठली आणि निघून गेली. तिच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्या फेरीत वाडीतली चार घरं बंद राहिली, मला लेखी ताकीद मिळाली आणि यादीतलं नाव पुढच्या वर्षावर गेलं. इन्स्पेक्टर म्हणाले, हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस. त्यांच्या बाजूने ते बरोबर होते. पण हे सगळं नंतरचं. त्या घटकेला मी फक्त काकीकडे बघत होतो.

“म्हणजे माझो हात नाय?” तिने विचारलं.

“नाय, काकी. हात बरो आसा. माझी जीभ वायट.”

ती माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने पदर खोचला, पाटावरच्या बाईला म्हणाली, “उठ गो बाय, दहा दिवस केलंस, उपकार झाले.” मग स्वतः बसली, पाय पसरले, आणि मालूने बाळ तिच्या पायांवर ठेवलं. काकीने नातीला पहिल्यांदा हात लावला. पालथं केलं, सुलटं केलं, कानामागे बघितलं, सगळं अंग चाचपलं. मालू तोंड फिरवून रडत होती.

काकीने तेलाची वाटी ओढली. बोटं बुडवली आणि हात तसाच अधांतरी राहिला. तिने वर बघितलं. भिंतीवर माझ्या हातची पांढरी साय अजून होती. मग तिने माझ्याकडे बघितलं.

“हिका लावलेला चालात मां रे?”

ती थट्टा करत नव्हती. चाळीस वर्षं बाळं न्हाऊ घालणारी बाई मला विचारत होती, बाळाला तेल लावू का. आयुष्यात मला कोणी विचारलेला एवढा अवघड प्रश्न दुसरा नाही. मी आत गेलो. बाळ पाळण्यात कुठे निजतं ते बघितलं. पाळणा भिंतीपासून लांब टांगलेला होता. दुपटी बाहेर वाळवलेली होती. परत पडवीत येऊन मी बाळाच्या हातापायांवरून बोट फिरवून बघितलं, बोटाला काही लागलं नाही.

“लाव, काकी,” मी म्हटलं, आणि पायरीवर बसलो तो न्हाणं संपेपर्यंत उठलो नाही.